‘राजाला मुलगी नव्हती काय?’ : तहातल्या लग्नाची चित्रकथा काढताना

अर्जुनी-मोरगावकडच्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ‘काका, मी फोनवर वाचायची उभी चित्रकथा काढून राहिली. अठरावं शतक, दोन राज्यं, एक वऱ्हाडात वर्धेच्या काठी, दुसरं झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वैनगंगेच्या काठी. लढाई थांबावी म्हणून दोन्ही राजघराण्यांतल्या दोन पुरुषांचं एकमेकांशी लग्न लावतात, आणि पुढे ते खरंच प्रेमात पडतात. कल्पना कोरियन चित्रकथा वाचून सुचली. बारा भाग झाले. मैत्रिणी म्हणतात चित्रं छान, पण खोटं वाटतं. एकीनं तर विचारलं, राजाला मुलगी नव्हती काय? तिथे मी अडकली. शिवाय फोनवर अक्षरं फाटतात, आणि उद्या कोणी केस-बिस करेल काय, ही भीती वेगळीच.’

तू काका म्हणालीस, म्हणून मीही तू म्हणतो. ओळख सांगायची तर पंचवीसेक वर्षं वडशाच्या नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. महाल, जंगल, तुरुंग, गावचा रस्ता. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की झाडीपट्टीत रोज कुठे ना कुठे रात्रभर नाटक, आणि पडदा फाटला की रातोरात बोलावणं. गेली सात वर्षं भाचीसोबत चित्रकथा करतो. माणसं ती काढते. मागचं सगळं, अक्षरं आणि लिखाण माझ्याकडे. त्यातल्या दोन कथा अशाच, दोन पुरुषांच्या. पहिली पार आपटली. दुसरी लोकांनी वाचली. फरक कुठे पडला तेवढंच मला सांगता येईल.

मैत्रिणीचा प्रश्न तुला झोंबला असेल, पण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. पहिल्या भागात तू एका चौकटीत लिहून मोकळी झालीस, ‘या मुलखात पुरुषाने पुरुषाशी लग्न करण्याची प्रथा होती.’ कोरियन चित्रकथेत हे खपतं, कारण तिथलं साम्राज्य पुष्कळदा मनातलंच असतं, नकाशावर कुठे नसतं. लेखक म्हणेल तो कायदा. तू मात्र वर्धा आणलीस, वैनगंगा आणलीस, मोहाची झाडं आणि ज्वारीची भाकर आणलीस. आता वाचणाऱ्याच्या शेजारी त्याची आजी येऊन बसली. ती विचारणारच, पोरगी काऊन नाही दिली म्हणून.

आणि तिचं बरोबरच आहे. दख्खनेत तह म्हटला की मुलगी आलीच. अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला आंदण दिला, आणि अलीची बहीण निजामशाहीत सून म्हणून गेली. मग १५६५ मध्ये हेच जुने वैरी एक होऊन विजयनगरवर चालून गेले. मुलगी, किल्ला, फौज, सगळं एकाच यादीत.

म्हणून ‘पुरुषांचं लग्न त्या काळी कसं चाललं’ हे समजावत बसू नको. ‘मुलगी देऊन काय बिघडलं असतं’ हे सांग. त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

छिंदवाड्याकडच्या देवगडचं गोंड राज्य घे. बख्तबुलंद शहानं अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नागपूर वसवलं, त्याच्यानंतरच्या चांद सुलतानानं राजधानी तिथे आणली. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि वलीशहानं गादी बळकावली. राणी रतनकुंवरला आपली मुलं गादीवर हवी होती, तिनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजी आले, वलीशहाचा काटा काढला, राणीच्या मुलांना बसवलं आणि मोबदला घेऊन परतले. काही वर्षांत त्या भावाभावांतच बिनसलं. पुन्हा रघुजींना बोलावणं. या खेपेला ते परत गेलेच नाहीत. १७४३ पासून राणीचा मुलगा बुऱ्हाणशहा नावापुरता राजा आणि कारभार भोसल्यांचा. परक्यानं तट फोडून घेतलेलं हे राज्य नव्हे, वारसांच्या भांडणात घरच्यांनीच दार उघडून दिलेलं.

आता शेजारच्या मुलखात बसून हे सगळं पाहिलेला एक राजा मनात धर. त्याला झोप कशानं येत नसेल? नातवानं. मुलगी दिली की नातू, नातू झाला की हक्क. वीस वर्षांनी तो नातू आजोबाच्या गादीवर दावा सांगत सरहद्दीवर उभा, मागे बापाची फौज. राजाला तह तर हवा, पण ज्यातून वारस निघणार नाही असा. समोरच्यालाही तेच हवं. मग दोन्ही घरांतला असा एकेक पुरुष निवडायचा, ज्याच्या नावानं उद्या बंड उभं राहू शकतं, आणि दोघांना एकाच नात्यात बांधून टाकायचं. त्यांना दुसरं लग्न नाही, औरस संतती नाही, दत्तकही नाही. दोन्ही घरांतला एकेक दावेदार परस्पर कमी.

एवढं पक्कं झालं की पहिला भाग नव्यानं लिही. मैत्रिणीचा प्रश्न राणीच्या तोंडी घाल. ती म्हणते, ‘आपल्याला मुलगी आहे.’ दिवाण मान खाली घालून म्हणतो, ‘म्हणूनच, आईसाहेब.’ दोन फुगे पुरे. प्रथा समजावणारी चौकट काढून टाक.

आणखी एक फायदा बघ. हे लग्न ज्यांनी ठरवलं त्यांना दोघांचं प्रेम जमावं असं मुळीच वाटत नाही. एकमेकांना सोसत म्हातारे झाले तरी तहाचं काम झालं. उलट दोघं मनानं एक झाले, त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या तुकड्या एक झाल्या, तर दोन्ही राजांना घाम फुटेल. तुझ्या बारा भागांत जळका चुलतभाऊ खलनायक आहे. त्याला घरी पाठव. तहच पुरेसा वाईट आहे.

लग्न लावायचं कसं, हा पुढचा पेच. तू आपलं नेहमीचं लग्न उचललंस आणि नवरीच्या जागी दुसरा नवरा उभा केलास. पहिल्या कथेत आम्हीही तेच केलं होतं. पण पुरुषांनी पुरुषांशी स्वतःला बांधून घेण्याच्या रीती आपल्याकडे होत्याच की. पगडी बदलून भाऊ होत. तह पाळला जावा म्हणून घरचा माणूस ओलीस ठेवत. शपथ घ्यायची तर बेलभंडार उचलत. आणि राजघराण्यात नवरदेव स्वतः येऊ शकत नसला तर त्याचा खांडा पाठवत, मुलीचं लग्न त्या तलवारीशी लागे. या चारही रीती खऱ्या. त्या एका मांडवात आणणं हे तुझं कल्पित, आणि ते कल्पित आहे हे कथेच्या सुरुवातीलाच लिहून टाक, म्हणजे इतिहासाच्या नावानं कोणी तुझी मान धरणार नाही.

आम्ही दुसऱ्या कथेत खांडा वापरला. पाटावर दोन खांडे, त्यांवर अक्षता. भटजी गोंधळलेला, मंगलाष्टकं म्हणावीत की स्वारीला निघतानाचे आशीर्वाद द्यावेत. माणसं दोन बाजूंना उभी, एकमेकांकडे न पाहता, कारण लग्न हत्यारांचं आहे, आपलं नाही, अशी दोघंही मनाची समजूत घालून राहिलेले. रात्री खांडे परत देताना अदलाबदल होते. पुढचे तीस भाग एकाच्या कमरेला दुसऱ्याची तलवार. वजन वेगळं, मूठ वेगळी, तळहाताला घट्टे नव्या जागी. भाचीनं एक अख्खा भाग त्या घट्ट्यांवर काढला. संवाद तीन. लोकांना तोच सगळ्यात लक्षात राहिला.

तू फोनसाठी काढतेस, म्हणजे वाचणारा अंगठ्यानं खाली खाली जातो. पुस्तकात पान उलटताना जो धक्का देता येतो तो इथे नाही. इथे पडदा कामाचा, आणि पडद्याचं मला थोडं कळतं. अंतरपाट फोनची पूर्ण रुंदी भरेल एवढा काढ. पांढरं कापड, आणखी खाली कुंकवाचं स्वस्तिक, आणखी खाली पुन्हा नुसतं कापड, बाजूनं मंगलाष्टकाच्या ओळी ओघळत येतात. मग कापडाची खालची किनार आणि तिच्याखाली समोरासमोर दोन जोडी पावलं. एकाच्या टाचांना भेगा, चिखलात राबणाऱ्याच्या असतात तशा. दुसऱ्याची पावलं रिकिबीची सवय झालेली, बोटं आत वळलेली. ‘सावधान’. कापड त्या पावलांवर येऊन पडतं. चेहरे त्याच्यानंतर, नव्या चौकटीत. कापड फोनच्या तीन पडद्यांएवढं लांब ठेव. त्याहून लांबवलं तर लोक कंटाळतात, दीडावर आणलं तर काहीच होत नाही. हे मोजून पाहिलेलं आहे.

आणि दोघांनाही नाव घ्यायला लाव. वाड्यातल्या बाया उंबरठा अडवून बसल्यात, उखाणा घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. तोफेपुढे न हललेला तुझा घोडेस्वार इथे पार गडबडतो. आमच्या कथेत त्यानं घेतलेला असा होता:

वैनगंगेच्या काठी उतरला तांडा,
राजांचं नाव घेतो, साक्षीला खांडा.

मुद्दाम साधा ठेवला. कारकुनानं आदल्या रात्री पाठ करून दिलेला वाटला पाहिजे. शिवाय ‘राजांचं’ म्हणून त्यानं खरं नाव टाळलेलंच आहे, बायांच्या ते लक्षात येतं आणि त्या ओरडतात. खरं नाव तो चाळीस भागांनी घेतो, तेव्हा कोणी मागितलेलं नसतं.

तहाचं पान खरोखर लिहून काढ. चित्रात दिसो न दिसो, आमचं भिंतीवर डकवलेलं असतं. गडचिरोलीकडच्या वैरागडला पूर्वी हिऱ्यांच्या खाणी होत्या, आईन-ए-अकबरीत त्यांचा उल्लेख आहे. तशी एक खाण झाडीच्या राज्यात ठेव आणि तिच्या उत्पन्नाचा वाटा कलमात घाल. वऱ्हाडात निजाम आणि भोसले, दोघंही एकाच मुलखाचा महसूल घेत, त्याला दोअमली म्हणत. म्हणजे एकाच पाटलाच्या दारात दोन धन्यांचे दोन कारकून. तुझ्या दोघांना असा एक परगणा सांभाळायला दे. दिवसा हिशेबावरून भांडतील, आणि रात्री पंगतीला शेजारी बसायचं आहेच.

कोण कुणाकडे राहणार हे कलम मात्र सगळ्यात जपून लिही. तू झाडीच्या राजपुत्राला वऱ्हाडच्या वाड्यात कायमचा आणून ठेवलास, दारावर पहारा. तिसऱ्या भागात तो लाजतो, पाचव्यात हसतो. अगं, तो कैदी आहे. कैद्याचं हसू कोणी खरं मानावं? आमची पहिली कथा आपटली ती इथेच. एका वाचकानं एकच ओळ लिहून पाठवली: ‘याले जायचं असतं तं जाता आलं असतं काय?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उपाय पुन्हा जुन्या व्यवहारात सापडला. पावसाळ्यात फौजा हलत नसत, नद्या भरलेल्या, काळ्या मातीत घोड्याचा पाय रुतायचा. मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. तहही तसाच बांध: दसऱ्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत दोघं वऱ्हाडात, उरलेला उन्हाळा आणि पावसाळा झाडीत. अर्धं वर्ष एक पाहुणा, अर्धं वर्ष दुसरा. जो हिवाळ्यात मिजास दाखवतो त्याला आषाढात दुसऱ्याच्या दारात ओलं होऊन उभं राहावं लागतं. आणि एक प्रसंग असा ठेव की वेस उघडी आहे, घोड्यावर खोगीर चढलेलं आहे, पहारेकरी पाठ करून उभा आहे. तो जातो. खरंच जातो, नदीपर्यंत. का परततो ते तू ठरव, पण त्याच्याआधी एकही प्रेमाची चौकट नको. दोघांची वयंही पहिल्या भागातच सांग. त्या काळी लग्नं लहानपणी लागत हे खरं असलं तरी तुझ्या कथेत ते चालणार नाही. एक बावीसचा, एक सत्तावीसचा, असे जाणते ठेव.

बारा भाग वाचून मला एक कळलं नाही: हे दोघं काम काय करतात? एक देखणा आणि एक रागीट, एवढंच दिसलं. झाडीच्या पोराला तलाव बांधणारा कर. आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यातले कितीतरी गोंड राजांच्या अमलात झाले. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, हे त्यांचं धोरण, आणि बांधणारे हात कोहळी समाजाचे. नवेगाव बांध तर तुझ्याच तालुक्यात. कोलू पाटील कोहळ्यानं तो बांधला असं सांगतात.

असा मुलगा वऱ्हाडात आला तर आधी काय पाहील? भेगाळलेली काळी जमीन, कपाशी, ज्वारी, आणि नजर पोचेल तिथवर तलाव नाही. तो नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, जमिनीचा उतार पाहतो. घोडेस्वारालाही उतार कळतो, पण घोडी कुठून उतरवावीत यासाठी. एकच टेकडी, दोघांचे डोळे वेगळे. ही एक चौकट मला तुझ्या बारा भागांतल्या सगळ्या चुंबनांपेक्षा जास्त आवडेल. पाणी सोडायच्या जागेला तिकडे तुडूम म्हणतात. जाऊन बस तिथे, कागदावर उतरव, कोहळी म्हाताऱ्यांना विचार की काळ्या मातीची पाळ, म्हणजे तलावाचा बांध, उन्हाळ्यात का तडकते. ते कळलं की तुझ्या कथेचा मधला भाग तुला आपोआप सुचेल, कारण त्याचा पहिला तलाव वऱ्हाडात फुटणारच आहे आणि खाली सासरचं गाव आहे.

दुसऱ्या भागातली ती पिसं आणि भाले मात्र पुसून टाक. गोंड राजा म्हटला की हेच काढायची खोड नाटकाच्या पडद्यांवरही होती, मीही रंगवलेत, लाज वाटते. चंद्रपूरचा परकोट पाहून ये, वेशीवरचा हत्तीवर झेपावलेला सिंह पाहा. गोंडी शब्द घालायचे तर गोंडी बोलणाऱ्याला विचारून, नाहीतर घालूच नको. राज्याला खरं नावही देऊ नको. आम्ही पहिल्यांदा एका खऱ्या घराण्याशी मिळतंजुळतं नाव ठेवलं, तर एक गृहस्थ घरी आले. दोन तास बसले, चहा घेतला, आवाज चढवला नाही, पण आमच्या वाडवडिलांबद्दल तुम्हाला काय माहीत, या प्रश्नावर मी काय बोलणार? आठ भागांतलं नाव एकेका फुग्यात जाऊन बदललं.

आता भाषा. कोरियन कथा तू इंग्रजीतून वाचतेस. मूळ भाषेत मानाच्या किती पायऱ्या असतात, इंग्रजीत येता येता सगळ्यांचं एकच ‘यू’ होतं. मराठीत आपण, तुम्ही, तू अशा तीन पायऱ्या तुझ्या हातात आहेत आणि तू पहिल्याच रात्री दोघांना तू-तू करायला लावलंस. उतरू दे त्यांना हळूहळू. आमचा वऱ्हाडचा गडी दरबारात अगदी शुद्ध बोलायचा, ‘आपण’च्या खाली कधी उतरला नाही. मग तो तापानं फणफणतो आणि अर्धवट शुद्धीत म्हणतो, ‘मले पानी दे.’ द्या नाही, दे. दुसरा पाणी देतो, आणि रात्रभर त्या ‘दे’पायी जागा राहतो. सकाळी ताप उतरतो. ‘रात्री आपणास त्रास झाला.’ पुन्हा आपण. वाचणारे चिडले होते आमच्यावर.

पत्रांचं तर काय सांगू! जुन्या पत्रात मायन्याला फार किंमत. बरोबरीच्याला ‘राजश्री’ आणि पुढेमागे बिरुदं, वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बायकोला ‘सौभाग्यवती’. कुणाला काय हे चिटणीस झोपेत सांगेल. दसऱ्यानंतर घोडेस्वार मोहिमेवर गेलाय, छावणीतून पहिलं पत्र धाडायचंय. चिटणीस बोरू शाईत बुडवून विचारतो, ‘मायना काय घालू?’ हा गप्प. बरोबरीचा सरदार म्हणावं तर तो नवरा आहे. नवरा म्हणावं तर तसा मायना कुठल्या वहीत नाही. बोरूच्या टोकाशी शाई जमत जाते, लोंबते, टपकन कागदावर पडते. चिटणीस म्हणतो, ‘कागद बदलतो.’ हा म्हणतो, ‘राहू द्या.’ पत्र तसंच जातं, मायन्याच्या जागी डाग घेऊन. तिकडे पाळीवर बसून दुसरा ते उघडतो, डागावर अंगठा ठेवतो. त्याच्या उत्तरातही मायना नसतो. त्या जागी शाईचा एक थेंब असतो, नीट गोल, मुद्दाम टाकलेला.

पत्र संपवायची रीत ‘बहुत काय लिहिणे’. ठरीव वाक्य, गवताच्या हिशेबाखालीही तेच आणि मरणाच्या बातमीखालीही तेच. दहा पत्रांखाली ते ये-जा करू दे. अकराव्या खाली पुन्हा तेच आलं की वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं, आणि तुला नवा एक शब्द लिहावा लागत नाही. चित्रात मोडी दाखव. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी रेघ ओढत, मग अक्षरं तिला टांगत. शाई सुकायला वर बारीक वाळू. मजकूर जिथे संपला तिथेच मोर्तब, म्हणजे खाली कोणी काही घुसडू नये. तुझ्या चौथ्या भागातल्या पत्राखाली सही आहे. बँकेचा फॉर्म वाटतो.

तू विचारलं नाहीस, पण सांगतो. आपल्याकडे खडीगंमतीत, दंडारीत पुरुष लुगडं नेसून नाचतात आणि गाव पहाटेपर्यंत पाहतं. त्यामुळे मला वाटलं होतं लोकांना ही कथा सहज पचेल. उलट झालं. दोघांतल्या नाजूक दिसणाऱ्याला लोकांनी लगेच नाच्या ठरवलं आणि हसायला तयार होऊन बसले. चूक आमची. एक ताडमाड, एक शेलाटा, एकाला मिशी, एक गुळगुळीत, ही कोरियन कथांची सवय. नाच्याचं सोंग घेणाऱ्याला मी हसत नाही, त्यातले दोघे माझे जिवलग आहेत. पण तुझ्या कथेत कोणीच कोणाच्या जागेवर उभं नाहीये, दोघंही आपापल्या जागी आहेत. दुसऱ्या वेळी दोघांनाही मिशी काढली. म्हणजे चितारली. भाची चार दिवस बोलत नव्हती.

मागच्या चित्रांत तुझ्या बऱ्याच चुका सापडल्या, सगळ्या फोटोवरून काढल्यामुळे. नदीकाठी बेशरम फुलला आहे. तो, गाजरगवत, गुलमोहर, निलगिरी, सगळी मागाहून बाहेरून आलेली झाडं. शेतात सोयाबीन आहे, जे आपल्या बापाच्या पिढीनं पेरायला घेतलं. सैनिक चहा पितात, एक जण काडी ओढून दिवा लावतो. त्याऐवजी साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस. पळस होळीच्या सुमारास फुलतो तेव्हा त्याला पान नसतं, तू हिरवागार काढलास. अंगावर कोशाचा शेला दे, करवतीचे दाते असतात तशा काठाचा. तो काठ काढायला वेळ लागतो, पण जवळच्या चौकटीत त्याच्यासारखं काही नाही. दोन नद्यांच्या संगमावर दोघांची भेट घालायचा मोह होईल. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, मला माहीत आहे. सगळ्यांना तेच सुचतं. नको.

अक्षरं फाटण्याचं कारण तुझा फोन नव्हे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षरं सुटून पाय मोडल्यासारखी दिसतात, म्हणजे सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही. चित्र कशातही काढ, अक्षरं इंकस्केपमध्ये टाक, ते फुकट आहे आणि नीट जुळवतं. जुनं फोटोशॉप असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडावा लागतो. फॉन्ट युनिकोडच घे, ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ नावाचा चालेल. आम्ही एकदा छापील आवृत्तीसाठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलायला एका छापखान्यात दिला, तर वेलांट्या ओळभर भरकटल्या, आणि लग्नाच्याच पानावर. पाचशे प्रती घरी पडून आहेत. फुगा इंग्रजीपेक्षा उंच ठेव, आपल्या ओळीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात. फोनसाठी ८०० पिक्सेल रुंदी धर, आणि तयार भाग स्वतःच्या नाही, आईच्या फोनवर वाच.

केसचं. दोन सज्ञान पुरुषांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा धरता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. लग्नाला कायद्याची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाली नाही. चित्रकथेतल्या लग्नाला नोंदणी लागत नाही, त्यामुळे कथा लिहायला तुला कोणाची परवानगी नको. जपायचं ते अश्लीलतेच्या कलमांपासून, भारतीय न्याय संहितेचं २९४ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७. आमचा नियम सोपा आहे: शेजघराचं दार लागलं की आम्ही दाराबाहेर. बाहेर पहारेकरी असतो, त्याला काढायला मजा येते.

बाराही भाग फेकू नको. सहावा आणि नववा ठेव, घोड्याला पाणी पाजतानाची ती तीन चित्रं तर जशीच्या तशी. पहिला पुन्हा लिही, दुसरा पुन्हा काढ, तिसऱ्यातलं लाजणं तिसाव्यात ने. आणि तटबंदीसाठी वैरागडला जाणार असशील तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात तिथे गवत माणसाच्या वर जातं, काही दिसत नाही, आणि पायात बूट घाल, विंचू फार आहेत.